मधल्या पावातली लेटी

मी, थर्झा पॉथेकरी, वय वर्षे एकाहत्तर, मेंढपाळ अ‍ॅबनर पॉथेकरी याची विधवा, पूर्वी राहणार एमर्सडीन, सध्या राहणार लोअर वेन, परगणा विल्टशर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकील श्री. टकेट यांनी सांगितले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट ‘इतके लांबलचक लिहू नका’ असा दबाव श्री. टकेट यांनीच आणला, तो मी मानला नाही. पूर्वी एकदा मी मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात भांड्यांची आणि चादरींची वाटणी होती. खऱ्या गोष्टीला हात घालण्याचा धीर तेव्हा झाला नव्हता.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्था माझी पुतणी डॅमरिस हिने पाहावी. ती माझ्या दिराची मुलगी आहे, पण बापावर गेलेली नाही. ती शाळेत शिकवते आणि एकदा हातात घेतलेले काम टाकत नाही.

कलम २. मी राहते ते घर माझ्या मालकीचे नाही, ते ज्यांचे त्यांना परत जाईल. पोस्टात थोडी शिल्लक आहे. तिच्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा आणि उरेल ते डॅमरिसने घ्यावे. ते तिने मुलांच्या नावावर टाकू नये, स्वतःला एक चांगला कोट घ्यावा. तिचा हल्लीचा कोट पाहून मलाच थंडी वाजते.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ माझा दीर ईनस पॉथेकरी याला द्यावे. एका बाबतीत तो बरोबर होता, आणि चौतीस वर्षांत ते त्याने मला विसरू दिलेले नाही. कोणत्या बाबतीत, ते इथे लिहून ठेवते, कारण त्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळायची नाहीत.

आम्हाला एकच मूल झाले. लेटिशिया हे नाव फक्त नोंदणीपुरते; ती लेटी. अडतीस सालच्या जानेवारीत घटसर्पाने गेली, तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही चॅपलची माणसे, म्हणजे गावच्या चर्चपासून वेगळ्या पंथाची. आमच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात घेतात, म्हणून तिचा झालेला नव्हता. तिला चर्चच्या आवारात नाही, चॅपलमागे आमच्या लोकांची चिमूटभर जागा होती तिथे ठेवले. गळ्यात निळ्या काचेच्या मण्यांची माळ होती, ती तशीच राहू दिली. मेंढ्यांच्या जत्रेत अ‍ॅबनरने ती घेतली होती, आणि घरी पोचेपर्यंत लेटीने गोड लागते का म्हणून चावूनही पाहिली होती.

त्रेचाळीस सालच्या नोव्हेंबरात लष्कराचा एक कप्तान एमर्सडीनला आला. शाळेच्या बाकांवर त्याने आम्हा सगळ्यांना बसवले आणि सांगितले, नाताळच्या आत गाव रिकामे करा, इथे शिपायांना लढाई शिकवायची आहे; युद्ध संपले की परत या. आम्ही अजून परत जायचे आहोत. त्या दिवशी कोणी कोंबड्यांचे विचारले, कोणी जमिनीत राहिलेल्या बटाट्यांचे. अ‍ॅबनर सहसा चारचौघांत तोंड उघडत नसे. तो उठला.

“साहेब, आमची मेलेली माणसं?”

“चर्चला तारेचं कुंपण घालणार आहोत.”

“आणि चॅपलच्या मागं?”

कप्तानाने नकाशा उलगडला. माणूस वाईट नव्हता, खोटे बोलला नाही. “चॅपल नकाशात नाही हो, बाबा. त्याचं वचन मला देता येणार नाही. ही माळावरची तीन जुनी टेकाडं मात्र आहेत बघा. चार हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत म्हणे. त्यांच्याभोवती खांब रोवायचा वरून हुकूम आलाय. त्यांच्यावर एकसुद्धा रणगाडा चढणार नाही.”

ती टेकाडे गावाच्या वर, उघड्या माळावर ओळीने बसलेली. भट्टीतून काढून थंड करायला ठेवल्यासारखी दिसत, म्हणून आम्ही त्यांना पावच म्हणत असू. मोठा पाव, मधला पाव, कोपऱ्यातला पाव. वर गवत, आत पांढराशुभ्र खडूचा दगड. अ‍ॅबनर दुपारची भाकरी मधल्या पावावर बसून खाई, कारण तिथून कळप, गावची धुराडी आणि त्या जुन्या लोकांनीच कधी काळी खणलेला लांबच लांब खंदक, सगळे एका नजरेत येई. बसण्याआधी तो आतल्या लोकांसाठी टोपी काढत असे. लेटी बरोबर असली की तीही काढायची, आणि पुन्हा घालायला विसरायची.

घरी येऊन तो बूट न काढता तसाच बसला. “थर्झा,” म्हणाला, “चार हजार वर्षांच्या मेलेल्यांना सरकार खांब रोवतंय. आपली पाचच वर्षांची आहे, म्हणून तिच्यावरून रणगाडा न्यायचा?”

लेटीला चॅपलमागून काढून मधल्या पावात नेऊन ठेवायला त्याने ईनसला मदतीला बोलावले. ईनस आमच्या दारातच उभा राहिला.

“दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? निजलेल्याला उठवू नये. पडला एखादा गोळा तर पडला. तिला काय कळणार आहे?”

“मला कळेल ना,” अ‍ॅबनर म्हणाला.

“मग कर काय करायचं ते. मी नाही येणार.”

आम्ही दोघे गेलो. सकाळची वेळ होती आणि धुके इतके की स्वतःचा हात नीट दिसेना. तिची शवपेटी पाच वर्षांत कुजून गेली होती. अ‍ॅबनरने तिला आपल्या अंगरख्यात घेतले. मी पाहिले. पाहू नये असे सगळे सांगतात, पण मी तिची आई, मी पाहिले. माळेचा दोरा कुजला होता. मी मणी वेचले आणि लोकरीच्या धाग्यात पुन्हा ओवले. मग कुडाच्या ताटीवर ठेवून, एक टोक त्याने आणि एक मी धरून, आम्ही तिला माळावर नेले.

मधल्या पावाच्या कुशीत अ‍ॅबनरने हिरवळीचा चौकोन कापून अलगद बाजूला ठेवला आणि खणायला लागला. खडू घट्ट होता, खड्डा आखूड झाला. म्हणून तिला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवले. ती नेहमी तशीच निजायची. हिरवळ परत बसवून झाल्यावर अ‍ॅबनरने टोपी काढली आणि आतल्यांना म्हणाला, “मंडळी, जरा सरकून घ्या. पोर लहान आहे, फार जागा लागायची नाही.”

घरी येऊन बूट काढले तेव्हा माझ्या बुटात एक निळा मणी निघाला. ओवताना गारठलेल्या बोटांतून निसटला असणार. परत जायला वेळ नव्हता, सामानाची गाडी दारात उभी होती.

चॅपलमागच्या त्या जागेवर आजतागायत एकही गोळा पडलेला नाही. वसंतात तिथे पिवळी रानफुले येतात. तेव्हा ईनस बरोबर होता. त्याला घड्याळ द्या आणि त्याच्या उशाशी टांगा, ते मोठ्याने वाजते. पण त्याला हेही सांगा, की मला तेव्हा बरोबर बोलणारा माणूस नको होता, ताटीचे दुसरे टोक धरणारा हवा होता.

कलम ४. फडताळात वरच्या कप्प्यात चहाचा एक जुना डबा आहे. त्यात चहा नाही, लोकर आहे. ती कोणी फेकून देऊ नये.

आमच्या बाजूला मेंढपाळ गेला की त्याच्या हातात लोकरीचा पुंजका ठेवतात. वर गेल्यावर देवाने विचारले, का रे, रविवारी प्रार्थनेला दिसत नव्हतास, तर त्याने मूठ उघडून दाखवायची. मेंढ्या सोडून येता येत नाही, हे देवाला समजते. अ‍ॅबनर गेला तेव्हा मी त्याच्याच कळपातली लोकर काढून ठेवली होती. त्याने ती घेतली नाही, त्याचे कारण असे.

लष्कर वर्षातून एक दिवस आम्हाला एमर्सडीनला जाऊ देते. चर्चवाले चर्चमध्ये जातात. आम्ही दोघे गल्लीच्या टोकाला, तारेपाशी उभे राहत असू, कारण तिथून वरचे तीन पाव दिसत. अ‍ॅबनर टोपी काढी, मी पाव-चीजची पुरचुंडी सोडी, आणि आम्ही उभ्यानेच खात असू. वर्षातले ते आमचे जेवण लेटीबरोबरचे होते.

एकोणसाठ साली तिथे दोनच पाव होते. मधून रस्ता गेला होता.

अ‍ॅबनरने पहाऱ्यावरच्या पोराला विचारले, “मधलं टेकाड कुठं गेलं रे, बाळा?”

“ते होय? रणगाड्यांना रस्ता हवा होता ना, आजोबा. पण काळजी नको. आधी शिकलेली माणसं येऊन खणून गेली. जुनं थडगं म्हटल्यावर असं कसं सोडतील? आतलं सगळं काढून नेलं त्यांनी, जपून ठेवलंय.”

“सगळं?”

“सगळं,” तो पोरगा म्हणाला. आम्हाला बरे वाटावे म्हणूनच म्हणाला.

जुने होते म्हणून राखले, आणि जुने होते म्हणूनच खणले. हे आम्हाला सुचायला हवे होते असे ईनस म्हणतो. आम्हाला सुचले नाही.

अ‍ॅबनर घरापर्यंत टोपी हातातच धरून आला. कुठे नेले, कोणाला विचारायचे, असे मी म्हणायला लागले की तो म्हणे, “त्यांच्या टेबलावर मांडलेली बघायचीय का तुला तिला?” मग मी विचारायचे सोडून देई. पुढच्या वसंतात, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, तो अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी छातीचे दुखणे सांगितले. मला दुखणे ठाऊक होते.

शेवटी शेवटी म्हणाला, “थर्झा, माझ्या हातात लोकर ठेवू नकोस.”

“असं काय बोलतोस? उभा जन्म मेंढ्यांमागं गेला तुझा.”

“दुसऱ्याच्या मेंढ्या राखल्या गं. स्वतःची एकच होती. कुणी नेणार नाही म्हणून जिथं ठेवली, तिथूनच नेली. मूठ उघडून काय दाखवू?”

मी त्याचे ऐकले. तो लोअर वेनच्या कबरस्तानात भिंतीकडेला आहे, आणि त्याची मूठ रिकामी आहे. त्याच्या शेजारची जागा माझ्या नावाची आहे. माझ्या मालकीची म्हणावी अशी जमीन तेवढीच.

कलम ५. अ‍ॅबनरची आकड्याची काठी, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, लोकर कातरायची कात्री आणि कातडी सोलायचा चाकू, हे सर्व जिल्ह्याच्या गावातल्या वस्तुसंग्रहालयाला द्यावे, पण पुढच्या कलमातली अट पाळली तरच. ती मंडळी बरीच वर्षे या सामानाच्या मागे आहेत. त्यांना मेंढपाळाची एक खोली सजवायची आहे. चाकूखाली चिठ्ठी लावतील तेव्हा हेही लिहावे: मेंढीचे कोकरू मेले की अ‍ॅबनर त्याचे कातडे सोलून एखाद्या पोरक्या कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखे चढवी आणि ते मेंढीपुढे सोडी. ती हुंगे, आणि त्याला पाजायला घेई.

अट पाळली नाही तर हे सगळे चॅपलच्या जुन्या बाजारात मांडावे. काठी कोणाच्या तरी परसात वेल चढवायला होईल.

आता वस्तुसंग्रहालयाबद्दल. अ‍ॅबनर गेल्यावर दोन वर्षांनी गावातल्या बायकांची सहल तिथे गेली. मी सँडविच करायला होते म्हणून मलाही नेले. दुसऱ्या दालनात खिडकीजवळ एक काचेची पेटी होती. तीत एक मूल कुशीवर निजले होते, गुडघे पोटाशी घेऊन. गळ्याशी निळे मणी होते. खालच्या पाटीवर लिहिले होते की हे मूल एमर्सडीनच्या मधल्या टेकाडात सापडले; वय सुमारे चार; टेकाडाच्या मानाने अलीकडचे, म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीचे; त्या काळच्या लोकांचा जुन्या थडग्यांवर भरवसा असे आणि आपली माणसे ते त्यांच्या आसऱ्याला ठेवीत. एक आकडा सोडला तर त्या पाटीवरचा शब्द न् शब्द आमच्याबद्दल आहे.

बाकीच्या बायका जुनी नाणी पाहायला पुढच्या दालनात गेल्या. मी गेले नाही. मला शोधायला तिथले व्यवस्थापक श्री. प्रिंगल यांना यावे लागले. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले आणि माझा मणी रुमालातून काढून त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरला. “वा! माळावर सापडला का, पॉथेकरीबाई? आम्हाला द्याल?”

“आधी पोरगी द्या,” मी म्हटले.

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले आणि त्यांनी स्वतः जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली. मी सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिले नाही.

“बाई, तुमच्या यजमानांनी तिला कोणत्या बाजूला ठेवलं होतं?”

“पूर्वेला.”

त्यांनी मणी अलगद माझ्या रुमालावर परत ठेवला. मग म्हणाले, “हे मूल दक्षिणेच्या बाजूला मिळालं. पूर्वेची बाजू खणायला वेळच झाला नाही. रस्त्याच्या यंत्रानं ती आधीच ओढून नेली होती. आणि असे निळे मणी त्या काळच्या थडग्यांत खूप मिळतात. तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही हो. मला माहीत नाही, एवढंच.”

“त्या दिवशी धुकं होतं,” मी म्हटले. “धुक्यात कुठली पूर्व आणि कुठली दक्षिण?”

“असेलही,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणून त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. धरता आला असता तर सोपे गेले असते.

तेव्हापासून दर गुरुवारी मी बसने जाते आणि पेटीजवळ बसते. शाळेची मुले येतात, काचेवर टकटक करतात. एकदा एका चिमुरडीने विचारले, “आजी, ही मेली का?” मी म्हटले, “निजलीय, हळू बोल.” ती बाकी सगळ्या दालनातून चवड्यांवर चालत गेली. थंडीत खिडकीतून वारा येतो, म्हणून तिथला पहारेकरी विल्फ्रेड गज याला मी पेटी जरा आत सरकवायला सांगितली. त्याने कोणाला न विचारता सरकवली. मी घरी जाते आणि ती तिथेच राहते, दिवे मालवलेल्या खोलीत. तिला अंधाराची भीती वाटायची. लेटीला म्हणते मी. त्या पेटीतलीला वाटते की नाही, कोणाला माहीत.

ती लेटी असेल. किंवा लेटी त्या रस्त्याच्या भरावात असेल आणि तिच्यावरून रोज रणगाडे जात असतील, जे टाळायला आम्ही तिला उठवले तेच. दोन्हींतले खरे कोणते ते मला या जन्मी कळणार नाही. पंधरा वर्षे मी एकाच पेटीपुढे बसून दोन्हींसाठी रडते आहे.

कलम ६. माझ्या कबरस्तानातल्या जागेचा अर्धा भाग, अ‍ॅबनरच्या बाजूचा, मी त्या काचेच्या पेटीतल्या मुलाला देते.

श्री. टकेट म्हणाले, “बाई, जागा तुमची आहे, ती ठीक. पण मूल वस्तुसंग्रहालयाचं आहे. जे आपलं नाही ते मृत्युपत्रात मागता येत नाही.” मी म्हटले, “मग विनंती म्हणून लिहा. विनंतीला मालकी लागत नाही.” तर ही विनंती आहे. वस्तुसंग्रहालयाने ते मूल द्यावे आणि कलम ५ मधले सामान घ्यावे. पाटी हवी तर राहू द्यावी.

माझी पेटी रुंद करावी, म्हणजे आम्ही दोघी एकीतच मावू. तिला कुशीवरच ठेवावे, पाय सरळ करू नयेत. माझ्या शिवणाच्या डब्यात निळा मणी आहे. तो तिच्या माळेत ओवावा, लोकरीच्या धाग्यात. ती लेटी असेल तर तिची माळ पुरी होईल.

आणि मी गेल्यावर शिकलेल्या माणसांना नक्की कळले, की ती माझी नव्हे, तेराशे वर्षांपूर्वीची कोणा दुसरीची आहे, तरीही हे कलम रद्द होत नाही. तरीही मणी ओवावा, आणि तरीही तिला माझ्याचजवळ द्यावे. तिच्या आईनेही तिला भरवशाच्या जागी ठेवले होते. तिच्या आईलाही कोणी विचारले नाही.

लोक समजतात की कातडे चढवले की मेंढी फसते. मी एकदा अ‍ॅबनरला तसे म्हटले होते. तो चाकू पुसत म्हणाला, “फसते कसली! तिला पक्कं कळतं आपलं नव्हे म्हणून. पण कास दुधानं तटतटलेली असते आणि समोर पोर थंडीनं कुडकुडत असतं. तिला निमित्त लागतं गं, दुसरं काही नाही.”

मणी हे तेवढे निमित्त आहे.

चहाच्या डब्यातली लोकर माझ्या हातात ठेवावी. ती माझी नाही. अ‍ॅबनरच्या मुठीत मी देईन आणि सांगेन, मोजून घे, एक होती, एक आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, म्हणून विल्फ्रेड गज याला काही ठेवलेले नाही. आज त्याला केक खाऊ घातला, तो सहीच्या आधी.

सही: थर्झा पॉथेकरी

साक्षीदार:
१. विल्फ्रेड गज, वस्तुसंग्रहालयाचा पहारेकरी
२. ऑलिव्ह स्ट्रॅटन, पोस्टमास्तरीण, लोअर वेन

ठिकाण: लोअर वेन, परगणा विल्टशर
दिनांक: १७ मार्च १९७७, गुरुवार. दुपारची बस चुकली. तिला उद्या भेटेन.